सॉ चालू की व्हॅक्यूम चालू : सोनगीरच्या वर्कशॉपमधल्या नोंदी

6 एप्रिल 2025

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत एकही गच्ची रिकामी नसते, जिकडे बघाल तिकडे जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्याच्यावर कुरडया, पापड, शेवया. आणि आमचं सुतारकामाचं वर्कशॉप बरोबर त्याच्या खाली, शटर पश्चिमेला, वारा पण पश्चिमेचा. आज शेजारच्या काकूंनी वरूनच आवाज दिला, "भाऊ, मन्या कुरडयास्वर तुमना भुसा ई ऱ्हायना." खरंच येत होता. सागाचा भुसा तरी दिसतो, एमडीएफचा (लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड) तर पिठासारखा उडतो, तो दिसत पण नाही आणि नाकात जातो.

व्हॅक्यूम आहे आपल्याकडे. दिवाळीत घेतला, 1400 वॅटचा, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, 30 लिटरचा डबा. पण चालू कोण करतं? तो कोपऱ्यात, बटण त्याच्या डोक्यावर, एका हातात प्लायवूड धरलेलं. गोलूचं (आमचा हेल्पर) ठरलेलं उत्तर, "एकच कट आहे ना भो." असे एकच-एकच कट संध्याकाळपर्यंत पोतंभर भुसा पाडतात.

म्हणून आता हे काम काढतोय. मशीनचं बटण दाबलं की व्हॅक्यूम आपोआप चालू, मशीन बंद केलं की थोडं थांबून तो पण बंद. कोणाला सांगायची, आठवण करायची गरज नाही. इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढे कोणाला करायचं असेल तर कामात येईल.

8 एप्रिल

आधी बघितलं की तयार काही मिळतं का. मिळतं. बॉश, कार्चर यांच्या काही व्हॅक्यूमला अंगावरच एक सॉकेट असतं, टूल त्यात लावायचं, बाकीचं तो बघतो. पण व्हॅक्यूम आधीच घेतलेला आहे, परत दुसरा घ्यायला आबा परवानगी देणार नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. शिवाय त्या सॉकेटला वॅटची मर्यादा असते, मोठी मशीन लावायची असेल तर ते आधी वाचावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे वेगळा डबा, त्यात दोन सॉकेट, एकात टूल एकात व्हॅक्यूम. अमेरिकेत असले डबे सर्रास वापरतात पण तिकडचे बहुतेक 120 व्होल्टचे, आपल्या 230 वर लावले तर आतला पॉवर सप्लाय पहिल्याच सेकंदाला जाणार. सॉकेट पण त्यांचे चपट्या पिनचे.

तिसरा एकदम गावठी. एक मोठं बटण, त्याच्यापुढे दोन्ही सॉकेट, टूलचा ट्रिगर लॉक करून ठेवायचा आणि बटणाने दोन्ही एकदम चालू करायचे. हे मला अजिबात पटत नाही. एक तर ट्रिगर लॉक केलेलं टूल बाहेरच्या बटणाने चालू होणं म्हणजे बोट जायची सोय. लाइट गेली, आली, आणि सॉ (फिरणारी करवत) टेबलावर आपोआप फिरायला लागली तर? आणि दोन्ही मोटर एकाच क्षणी चालू, त्याबद्दल पुढे लिहितोच.

तर डबा आपणच बनवायचा. टूलच्या वायरमधून करंट जातोय का हे ओळखायचं, जात असेल तर व्हॅक्यूमची लाइन जोडायची. बोलायला एवढंच.

11 एप्रिल

आज क्लॅम्प मीटर (वायर न कापता करंट मोजणारा चिमटा) घेऊन बसलो. काही बनवायच्या आधी कोण किती ओढतं ते माहीत पाहिजे, नुसतं स्टिकरवरचं वॅट बघून चालत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्लॅम्प पूर्ण केबलला लावला तर मीटर शून्य दाखवतो. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकाला कापतं. म्हणून एक एक्स्टेंशन अशी केलीय की मधे थोडी जागा वरचं कव्हर सोलून तिन्ही वायर सुट्ट्या, त्यातल्या फक्त फेजला क्लॅम्प. हीच गोष्ट पुढे आपल्या सेन्सरला पण लागू आहे.

टेबलाखाली बसवलेली सर्क्युलर सॉ 1400 वॅटची, म्हणजे हिशोबाने 6 अँपिअर, पण रिकामी फिरताना अडीच-तीनच घेते, 18 एमएमचा प्लाय चिरताना साडेपाच-सहावर जाते. सँडर (घासायचं मशीन) 1 च्या आसपास. ट्रिमर (कडा तासायचं) रिकामा 1 पेक्षा पण थोडा कमी. राऊटर (खाचा पाडायचं) सगळ्यात हळू स्पीडवर ठेवला तर 0.6-0.7, म्हणजे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक हाच. व्हॅक्यूम साडेपाच. आणि एक मजा, व्हॅक्यूमच्या पाईपावर हात ठेवून तोंड बंद केलं तर आवाज चढतो आणि लोकांना वाटतं मोटरवर लोड आला, पण मीटरवर करंट उलटा कमी होतो. हवाच ओढायला नाही तर पंख्याला काम काय, तो मोकळा फिरतो. मोटर तरी गरम होते कारण थंड करणारी हवा बंद झालेली असते.

आता बेरीज. सॉ 6 आणि व्हॅक्यूम साडेपाच, साडेअकरा झाले. 16 अँपिअरच्या लाइनवर बसतं. पण हे चालू असतानाचं. चालू होताना ह्या ब्रशवाल्या मोटर काही क्षण पाच-सहा पट ओढतात, दोन्ही एकदम चालू झाल्या तर 60 अँपिअरच्या पुढे सहज. आमच्या बोर्डात बी कर्व्हचा 16 चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) आहे, तो 3 ते 5 पटीत म्हणजे 48 ते 80 अँपिअरच्या मधे कुठेही झटक्यात पडू शकतो. सी कर्व्ह असता तर 80 ते 160. म्हणजे व्हॅक्यूम टूलच्या मागून, थोडा उशिरा चालू झाला पाहिजे. त्या एका सेकंदाच्या गॅपसाठीच एवढा उपद्व्याप आहे म्हटलं तरी चालेल.

13 एप्रिल

सामान ठरवलं. करंट ओळखायचे रस्ते बरेच आहेत.

टूलच्या वायरीत चार-सहा जाड डायोड सीरिजमध्ये टाकायचे, त्यांच्यावर जो दीड-दोन व्होल्टचा ड्रॉप येतो त्यावर ऑप्टोकपलर (उजेडाने सिग्नल पलीकडे पोचवणारी चिप) चालवायचा, ही जुनी युक्ती आहे आणि चालते. पण 6 अँपिअरला त्या डायोडमध्ये 10 वॅटच्या वर उष्णता. बंद डबा, आत भुसा, बाहेर मे महिन्यात 43-44 डिग्री. नको.

एसीएस712 नावाची छोटी चिप मिळते, स्वस्त आहे, 20 अँपिअरवाली दर अँपिअरला 100 मिलिव्होल्ट देते. पण तिच्यातून टूलचा पूर्ण करंट त्या बारीक बोर्डाच्या स्क्रूतून जातो, आणि त्या स्क्रूवर माझा तेवढा भरोसा नाही.

मग राहिला करंट ट्रान्सफॉर्मर, सीटी. हा सगळ्यात सभ्य प्रकार. टूलची फेज वायर न कापता नुसती त्याच्या भोकातून न्यायची, लोखंडी रिंगवरच्या हजारो वेढ्यांच्या कॉइलमध्ये त्याच प्रमाणात छोटा करंट तयार होतो, 230 व्होल्टचा आणि आपल्या सर्किटचा काहीच संबंध नाही. मी एससीटी-013-030 मागवला, चिमट्यासारखा उघडतो, 30 अँपिअरला 1 व्होल्ट देतो, टोकाला हेडफोनसारखी पिन. ह्याच नावात शेवटी 000 वाला पण येतो, 100 अँपिअरला 50 मिलिअँपिअर, त्याच्या आत बर्डन रेझिस्टर (करंटचा व्होल्टेज करून देणारा) नसतो, तो आपल्याला बाहेरून लावावा लागतो. आणि कुठलाही सीटी, ज्याला बर्डन नाही, तो वायरीवर असताना उघडा सोडायचा नाही, मोठ्या सीटीच्या टोकाला तर जीवघेणा व्होल्टेज येतो. ऑर्डर करताना शेवटचे तीन आकडे बघूनच करा.

डोकं म्हणून अर्डुइनो नॅनो, कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड. नुसत्या ट्रान्झिस्टर, कपॅसिटरवर पण होतं हे, पण मला वेळा हाताने कमीजास्त करायच्या आहेत आणि कोड बदलणं सोल्डर बदलण्यापेक्षा सोपं. 5 व्होल्टसाठी हाय-लिंकचा तो काळा चौकोनी पॉवर सप्लाय. धुळ्याला आग्रा रोडवर सॉकेट, वायर, ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथली सील) सगळं मिळालं, सीटी आणि नॅनो ऑनलाइन.

19 एप्रिल

पार्सल आलं. आज टेबलावरच जोडून बघितलं, मेन लाइनचा फक्त एक वेढा सीटीतून.

सीटी एसी देतो म्हणजे अर्धा वेळ मायनस, आणि नॅनोला मायनस चालत नाही. म्हणून दोन 10 के चे रेझिस्टर लावून मधला बिंदू अडीच व्होल्टवर उचलला, त्याला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि सिग्नल त्या अडीचच्या वर-खाली झुलतो. पिनच्या आधी आणखी एक 10 के सीरिजमध्ये, कारण सॉ चालू होताना सिग्नल 5 च्या वर उडी मारणार हे नक्की आणि तेव्हा पिन वाचली पाहिजे.

कोड काही विशेष नाही. 100 मिलिसेकंद सतत वाचत राहायचं, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा लक्षात ठेवायचा, दोघांची वजाबाकी. 50 हर्ट्झला एक सायकल 20 मिलिसेकंदाची, म्हणजे 100 मध्ये पाच पूर्ण सायकल येतात, नॅनोला एका रीडिंगला साधारण 100 मायक्रोसेकंद लागतात म्हणजे हजारभर आकडे मिळाले. भरपूर झाले.

सगळं बंद असताना वजाबाकी 3-4 येते, हा नुसता कचरा. सँडर चालू केला तर 20-21. राऊटर हळू स्पीडला 12-13. कचरा 4 आणि राऊटर 12, हे फार जवळ आहे, गावाकडच्या लाइटीवर मी एवढ्यावर भरोसा ठेवणार नाही.

उपाय फुकट आहे. फेज वायर सीटीतून एकदाऐवजी तीनदा फिरवली. प्रत्येक वेढा मोजला जातो, सिग्नल सरळ तिप्पट, आणि कचरा तेवढाच राहतो कारण तो सीटीच्या नंतरचा आहे. आता राऊटर 38, सँडर 62, आणि रिकाम्याला तेच 4. चालू समजायची हद्द 25 ठेवली, म्हणजे हिशोबाने 0.43 अँपिअर, शंभर वॅटच्या आसपास. बंद समजायची हद्द 15. दोन्ही वेगळ्या ठेवायच्याच, एकच आकडा ठेवला आणि राऊटर नेमका त्याच्या आसपास घुटमळला तर व्हॅक्यूम चालू-बंद-चालू-बंद करत बसेल. मोबाईलचा चार्जर चुकून टूलच्या सॉकेटमध्ये लावला तर काही होत नाही, तो एवढा ओढतच नाही. गोलू लावणारच, म्हणून तपासून ठेवलं.

24 एप्रिल

आज फक्त वेळेचा विचार.

चालू होताना: आधी 200 मिलिसेकंद सिग्नल टिकला पाहिजे, नुसता ट्रिगरला धक्का लागला तर नको. मग 800 मिलिसेकंद थांबायचं. एक सेकंदात सॉ पूर्ण स्पीडला येते, तिचा चढा करंट उतरलेला असतो, मग व्हॅक्यूम. सुरुवातीच्या त्या एका सेकंदात भुसा उडत नाही का? नाही, कारण सॉचं पान लाकडाला लागलेलंच नसतं, कोणी पण आधी मशीन पूर्ण फिरू देतो मग पुढे ढकलतो.

बंद होताना हिशोब वेगळा. मला वाटलं होतं पाईपात अडकलेला भुसा निघून जायला वेळ लागेल म्हणून उशिरा बंद करायचं. पण आकडे मांडले तर 38 एमएमचा 3 मीटर पाईप, त्यात हवा मावते साधारण साडेतीन लिटर, व्हॅक्यूम सेकंदाला वीस-तीस लिटर ओढतो, म्हणजे पाईप पाव सेकंदात रिकामा. जड चिपा थोड्या मागे राहतात, तरी दोन सेकंद पुष्कळ. खरं कारण पान आहे. ट्रिगर सोडला की करंट शून्य, सेन्सरला वाटतं काम झालं, पण पान अजून चार-पाच सेकंद फिरत असतं आणि गार्डमधला भुसा फेकत असतं. म्हणून बंदचा उशीर पान थांबायला जेवढा लागतो त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे.

आणखी एक. कॅबिनेटचे तुकडे कापताना एक कट, मग पाच-सात सेकंद माप, मग दुसरा कट. उशीर 6 ठेवला तर व्हॅक्यूम दर कटाला बंद होऊन परत चालू, आणि मोटर चालवण्यापेक्षा परत-परत चालू करणं ब्रशला आणि रिलेला (व्हॅक्यूमची लाइन जोडणारं विजेवर चालणारं बटण) जास्त जड जातं. बाहेर एक पोटेंशिओमीटर (फिरवून वेळ बदलायचा नॉब) दिलाय, 3 ते 20 सेकंद. सध्या 10 वर.

30 एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. वर्कशॉप बंद. बहिणी आल्यात, आंगणात निंबाला झोका बांधलाय, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. आबांना दुपारी डबा दाखवला (अजून उघडाच आहे, वायरी लोंबताहेत). त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि एकच विचारलं, "मंग बटन दाबानं काम नही का?" नाही म्हणलं. "बिल कोन भरी?" तेच भरणार म्हणलं तर हसले.

4 मे

व्हॅक्यूमची लाइन जोडायची कशाने, ह्यावर फार घोळ चालला होता, मित्र वायरमन आहे त्याच्याशी पण बोललो.

अर्डुइनोवाले जे निळे छोटे रिले बोर्ड वापरतात त्याच्यावर 10 अँपिअर लिहिलेलं असतं, व्हॅक्यूम साडेपाच, मग झालं की, असं वाटतं. नाही झालं. ते 10 अँपिअर हीटर-बल्बसारख्या सरळ लोडचे. मोटर चालू होताना 30-35 अँपिअर मारते त्या क्षणाला काँटॅक्ट अजून उड्या मारत असतात, ठिणगी पडते, आणि एक दिवस दोन्ही काँटॅक्ट चिकटतात. मग व्हॅक्यूम बंदच होत नाही.

एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, आवाज नाही, ठिणगी नाही. पण चालू असताना त्याच्यावर एक-सव्वा व्होल्ट पडतो, साडेपाच अँपिअरला 6-7 वॅट, सतत. हीटसिंक बाहेर काढावा लागेल, त्याच्यावर भुसा बसणार. आणि खराब झाला तर बहुतेक वेळा शॉर्ट होऊन चालूच राहतो. डायोडला जे कारण दिलं तेच इथे.

मित्र म्हणे कॉन्टॅक्टर (मोठा दणकट रिलेच) लाव, डीआयएन पट्टीवर बसणारा 25 अँपिअरचा, 230 व्होल्टची कॉइल, छोट्या रिलेने फक्त कॉइल चालव. त्याच्याकडे एक पडलेला होता तो लावला. इथे पण लक्षात ठेवायचं की त्या 25 चे मोटरसाठी साधारण 8-9 च धरायचे, बाजूला बारीक अक्षरात एसी-7बी म्हणून वेगळा आकडा असतो. आपल्याला पुरतो. कॉइलला समांतर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा स्नबर लावला, कपॅसिटर एक्स2 लिहिलेलाच घ्यायचा. त्याच्याशिवाय कॉन्टॅक्टर सुटताना जो झटका येतो त्याने नॅनो रिसेट होत होता, स्नबर लावल्यावर एकदा पण नाही.

11 मे

कॉन्टॅक्टर दुपारी मस्त चालतो, टक्क आवाज, विषय संपला. संध्याकाळी सात नंतर घुंई-घुंई करतो.

मीटर लावला. दुपारी 228, संध्याकाळी 205, आणि सॉ चालू होऊन प्लायला लागली की 190. एसी कॉइलचे कॉन्टॅक्टर 85 टक्क्यापर्यंत धरतील एवढीच कंपनीची हमी असते, 230 चे 85 टक्के म्हणजे 195. त्याच्या खाली कॉइल धड ओढत पण नाही धड सोडत पण नाही, काँटॅक्ट थरथरतात आणि जळतात. शहरात हे कोणाला जाणवणार पण नाही. आमच्याकडे पण अर्धा दोष आपल्याच घरातला आहे, खांबापासून वर्कशॉपपर्यंतची वायर जुनी बारीक आहे.

म्हणून कॉन्टॅक्टर काढून 12 व्होल्ट डीसी कॉइलचा 30 अँपिअरचा मोठा रिले लावतोय, सीलबंद. डीसी कॉइल एसएमपीएसवर (एसीचा डीसी करणारा पॉवर सप्लाय) चालते, आणि एसएमपीएस 100 ते 240 काही पण आलं तरी 12 च देतो. बाहेर 180 झाले तरी रिलेला पत्ता नाही. मोटरचं रेटिंग ह्याचं पण डेटाशीटमध्ये वेगळं दिलेलं असतं, अँपिअरच्या आकड्यावर न जाता ते बघून घेतला. पॉवर सप्लाय आता 12 चा, त्यातून नॅनोच्या व्हीआयएन पिनला. मित्राला कॉन्टॅक्टर परत. तो म्हणे राहू दे. मी म्हणलं नको, तुझ्याकडे पण पडलेलाच होता पण कोणत्या तरी पंपाला लागेल.

14 मे

डब्याचं फायनल वायरिंग. कोणी बनवणार असेल तर ही नोंद नीट वाचा, बाकीच्या वाचल्या नाही तरी चालतील.

मेनमधून फेज आत आल्यावर दोन फांद्या. एक फांदी सीटीतून तीन वेढे मारून टूलच्या सॉकेटला. दुसरी फांदी सीटीच्या आधी फुटते, रिलेतून व्हॅक्यूमच्या सॉकेटला. व्हॅक्यूमचा करंट सीटीतून कधीच जाऊ द्यायचा नाही. गेला तर काय होईल विचार करा, टूलने व्हॅक्यूम चालू केला, टूल बंद झालं, पण सेन्सरला व्हॅक्यूमचाच करंट दिसतोय, म्हणजे त्याच्या हिशोबाने टूल चालूच आहे. तो स्वतःला स्वतःच चालू ठेवणार, मेन पाडेपर्यंत.

आतली सगळी वायर अडीच एमएमची, सॉकेट दोन्ही 16 अँपिअरचे, प्लग टॉप पण 16 चा. बाजारात तयार एक्स्टेंशन बोर्ड असतात ते बहुतेक 6 अँपिअरच्या सॉकेटचे आणि एक एमएमच्या वायरचे, त्याच्यावर 11-12 अँपिअर तासभर चालवून प्लग हाताला लावून बघा. अर्थिंग तिन्ही ठिकाणी, डब्याच्या पुढे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं बटण). बोर्डातला बी कर्व्हवाला एमसीबी पण बदलून सी घेतला, खांबापासूनची वायर 4 एमएमची ओढली. ते मित्राने केलं, लाइटीचं मेनचं काम आपण करत नाही.

बाहेर एक तीन पोझिशनचं बटण: ऑटो, बंद, कायम चालू. कायम चालू झाडझूड करायला.

व्हॅक्यूमचं स्वतःचं बटण खटक्याचं आहे, ते कायम ऑन ठेवून दिलं. ज्यांच्या व्हॅक्यूमला टच बटण किंवा स्पीडचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे त्यांनी आधी बघा, प्लगमधून लाइट घालवून परत दिली तर तो आपोआप चालू होतो का. नाही होत असेल तर हा डबा त्याच्या काही कामाचा नाही.

18 मे

चालू. पहिला कट गोलूने मारला, एक सेकंदाने कोपऱ्यातून व्हॅक्यूम सुरू झाला तर हा दचकून मागे बघतो. मागच्या गल्लीत तांबटांची ठोकाठोक चालू असते त्यामुळे आमच्या आवाजाचं कोणाला काही नाही.

आबा येऊन उभे राहिले, एक सागाची पट्टी स्वतः चिरली, हात झटकले आणि गेले. आबांनी उभी हयात बाभळीचे वखर, तिफणी आणि बैलगाड्यांचे आरे घडवले, ते काम वाकस-पटाशीचं आणि उघड्यावरचं, त्यात चिपा पडायच्या, धूळ नव्हती. बंद शेडमध्ये मशीन आल्यापासून धूळ आली. कॅन्सरवर काम करणारी आयएआरसी नावाची जागतिक संस्था आहे, तिने 1995 मध्येच लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलीय, त्याच गटात तंबाखू पण आहे. हे मी आबांना सांगितलं नाही, मास्क मात्र तिघांना आणले. व्हॅक्यूम आला म्हणून मास्क सुटत नाही, सँडरची बारीक धूळ थोडी निसटतेच.

25 मे

अवकाळीने आठवडा घालवला, लाइट जात-येत होती. एक चांगलं कळलं, लाइट परत आली की नॅनो चालू होऊन पहिले दोन सेकंद काहीच करत नाही (कोडमध्ये मुद्दाम ठेवलंय), त्यामुळे व्हॅक्यूम उगाच झटका देत नाही.

बॅटरीवाल्या ड्रिलला हा डबा काहीच करू शकत नाही, तिचा करंट वायरीतून येतच नाही. त्याच्यासाठी 433 मेगाहर्ट्झचा छोटा रिमोट, चावीच्या आकाराचा, पाईपाच्या तोंडाजवळ बांधला आणि त्याचा रिसीव्हर नॅनोच्या एका रिकाम्या पिनला. एकदा दाबला चालू, परत दाबला बंद. आता गोलू तोच जास्त वापरतो, शर्टावरचा भुसा काढायला.

पाईपातून एमडीएफची धूळ जाताना स्टॅटिकचे चटके बसत होते, हाताचे केस उभे. पाईपाच्या आतून एक उघडी तांब्याची तार नेऊन अर्थला जोडली. बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाहीत.

8 जून

महिना होत आला, डबा उघडून बघितला. ग्लँड लावलेले असून पण तळाला बारीक धूळ होती, सप्लायच्या आजूबाजूला ब्रशने साफ केली. रिले सीलबंद आहे म्हणून निवांत. स्क्रू सगळे परत आवळले, दोन थोडे सैल झाले होते, गरम-थंड होऊन होतात तसे.

उशीर 10 वरून 12 वर नेला. खर्च दोन हजाराच्या आत बसला, नवीन 4 एमएमची वायर आणि एमसीबी सोडून, ते तर तसंही करायचंच होतं.

नरडाण्याहून एक फर्निचरवाले नाना येऊन बघून गेले. त्यांच्याकडे थ्री फेजची रंधा मशीन आणि सिंगल फेजचा डस्ट कलेक्टर आहे, विचारत होते जमेल का. जमेल. थ्री फेज मोटरच्या तीनपैकी कोणत्याही एका फेजवर सीटी लावला तरी पुरतो, वेढा तिथे एकच घ्यायचा कारण करंट भरपूर आहे. सीटीच्या बाजूचं बाकी काहीच बदलत नाही. फक्त त्यांचा कलेक्टर दोन एचपीचा इंडक्शन मोटरवाला आहे, त्याला हा रिले नको, ओव्हरलोडसकट चांगला स्टार्टर पाहिजे आणि आपल्या डब्याने फक्त त्या स्टार्टरची कॉइल चालवायची. कॉइल 230 ची घ्यायची का 24 डीसीची, ते त्यांच्याकडे संध्याकाळी मीटर लावून मग ठरवू. गुरुवारी जातोय.